आडव्या शाफ्टचं इंजिन

‘बाळाकडं बघायला सगळा गाव येईल. तुमच्याकडं कोण बघणार ते आधी ठरवा, मग घरी जावा,’ प्रसूतिगृहातल्या शेवंतामावशी माझी पिशवी भरता भरता म्हणाल्या.

मी हसले. ‘मला काय झालंय? चांगली धडधाकट आहे मी.’

‘धडधाकट बाईलाच सांगते. आजारी बाईकडं कुणीबी बघतं.’ त्यांनी दुपट्यांची घडी पिशवीत दाबून बसवली. ‘झोप येईना झाली, उगाच रडू फुटायला लागलं, नको नको ते मनात यायला लागलं, तर गप बसू नका.’

‘मावशी, एम.एस्सी. झालेय हो मी,’ मी म्हणाले. त्याचा काय संबंध होता, देव जाणे.

‘असू द्या की. एम.एस्सी.ला काय झोप जास्त लागती?’

गाडीत मी शार्दूलला त्यांची नक्कल करून दाखवली. तो इतका हसला की रुंजी माझ्या मांडीवर दचकून उठली.

शार्दूल कुंभेरी धरणाच्या वीजगृहात इंजिनिअर होता आणि आम्ही धरणाच्या वसाहतीत राहायचो. कधीकाळी ती गजबजलेली असणार. शाळा होती, दवाखाना होता, पडदा लावून सिनेमा दाखवायचा चौथरा होता. आम्ही गेलो तोवर निम्म्याहून जास्त घरांच्या खिडक्यांमधून पिंपळ बाहेर आले होते. आमच्या रांगेत दिवा लागायचा तो फक्त आमच्याकडे. रांगेच्या टोकाला साहेबलोकांसाठी बांधलेलं विश्रामगृह, आणि त्याच्या मागच्या खोलीत तिथले जुने शिपाई झोरेमामा.

सासूबाई सव्वा महिना राहून गेल्या. माझ्या नणंदेचे दिवस भरत आले होते. आईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, ती ठाण्याहून फोनवर शेपाच्या पाण्याची कृती सांगायची. सकाळी शार्दूलची स्कूटर वळणाआड गेली की घराला एक शांतता यायची, आणि त्या शांततेत मी आणि रुंजी.

मला सापाची भीती वाटायची, विंचवाची वाटायची, रुंजीच्या नाकाशी सारखं बोट धरून मी तिचा श्वास बघायची. हे सगळं मी शार्दूलला सांगायची आणि तो म्हणायचा, ‘अगं, सगळ्या आया असंच करतात.’ एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. रुंजीला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना मला माझ्या हातांची भीती वाटायला लागली होती. ती डोळे मिटून पायांवर निवांत पडायची, मी तांब्या भरायची, आणि मनात काहीतरी यायचं. ते इथेही लिहवत नाही. मी तांब्या बाजूला ठेवून भिंतीला पाठ टेकायची. पुढे पुढे आंघोळच बंद केली. ओल्या फडक्यानं पुसून काढायची आणि शार्दूलला सांगायची, झाली आंघोळ.

माझ्या मनाचा भरवसा मलाच उरला नव्हता. साऱ्या गोष्टीचं मूळ एवढंच.

अशा सकाळी झोरेमामांचं मशीन यायचं.

विश्रामगृहाच्या हिरवळीसाठी कुठल्याशा काळी आणलेलं ते गवत कापायचं मशीन. पुढे पात्यांचा रोल, वर पेट्रोलचं इंजिन, मागे दोन मुठींचा दांडा. पाती तेवढी इंजिनावर फिरायची. मशीन ढकलायचं हातानं, मागून चालत. ऑफिसनं ते केव्हाच भंगारात काढलं होतं आणि झोरेमामांनाही निवृत्त करून टाकलं होतं. पण खोली कुणी रिकामी करून घेतली नाही, मशीन कुणी उचलून नेलं नाही, आणि मामा गवत कापत राहिले.

फटफट करत ते विश्रामगृहाकडून यायचं आणि बरोबर माझ्या खिडकीखाली घुटमळायचं. मग हाक.

‘वहिनी! खिडकी लावा, धुरळा उडतोय!’

मी चरफडत उठायची. खिडकीशी जायची.

‘न्हाऊ घातलं का बाळीला?’

‘घालतेय.’

‘घाला, घाला. ऊन आलंय बघा मोरीत.’

मी खिडकी धाडकन लावायची. एकदा वैतागून आधीच लावून ठेवली, तर काचेवर टकटक. ‘लागलीय न्हवं नीट? बघा बरं एकदा कडी.’ माणसाला किती चिकटपणा असावा!

त्यात मी वनस्पतिशास्त्राची. जानेवारी लागला होता, गवत पिवळं पडून बसलं होतं. माझ्या खिडकीखाली तर त्यांनी इतक्यांदा मशीन फिरवलं होतं की गवताचं मूळसुद्धा शिल्लक नव्हतं. नुसती लाल माती. मामा रोज ती माती कापत होते.

‘म्हातारा भ्रमिष्ट व्हायला लागलाय,’ मी शार्दूलला म्हणाले.

‘जाऊ दे गं. दिवस घालवायला काहीतरी हवं त्यांनाही.’

एका सकाळी मशीन खिडकीखाली आलं, खाकरलं, इंजिनातून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज आला आणि सगळं थांबलं. मी बाहेर आले तेव्हा मामा उकिडवे बसून इंजिनाला हात लावून बघत होते. खालून काळं तेल मातीत झिरपत होतं.

‘काय झालं?’

‘फुटलं.’

‘दुरुस्त होईल ना?’

‘पोटातनं फुटलंय, वहिनी. ह्याचं आता काय न्हाई.’ ते उठले, दांडा धरून मशीन ढकलायला लागले. थोडं गेले, थांबले, परत थोडं गेले. मला वाटलं, मशीन जड जातंय त्यांना.

संध्याकाळी शार्दूल स्वतःहून त्यांच्याकडे गेला. परत आला तो वैतागून.

‘म्हटलं, नवं विजेवरचं मागवतो, माझ्याकडून भेट. तर म्हणतात, वायर पुरायची न्हाई.’

‘कुठपर्यंत?’

‘तेच विचारलं. हिरवळ तर खोलीसमोरच आहे! म्हणे आपल्या दारापर्यंत यायला पाहिजे. म्हटलं, मग आमच्याकडून वीज घ्या. तर नको, म्हणे, कुणाच्या घरात वायर टाकायला जायचं बरं दिसत न्हाई. बरं, ते खांद्याला अडकवायचं मशीन घ्या म्हटलं. तर त्यात मान खाली घालावी लागते आणि डोळ्यांवर जाळी असते. काही दिसत नाही म्हणे.’

‘गवत कापायला काय बघायचं असतं?’

‘ते विचार तूच त्यांना. जुन्याच सांगाड्यावर इंजिन पाहिजे, पेट्रोलचंच पाहिजे.’ तो बूट काढत हसला. ‘पण तुला बरं झालं ना? आता सकाळी जरा झोप तरी मिळेल.’

झोप कसली मिळते! दुसऱ्या दिवशी स्कूटर गेली आणि कुणी हाक मारली नाही. खिडकीशी जायचं कारण उरलं नाही. रुंजी रडून रडून झोपली, उठली, परत रडली. मी कॉटच्या काठावर बसून होते. दुपार कधी झाली ते कळलं नाही. गॅसवरचं पाणी आटून पातेलं करपलं होतं.

असे दिवस गेले. मोजले नाहीत.

मग ती सकाळ. रुंजीच्या अंगावर पुरळ उठलं होतं, नुसतं पुसून भागणार नव्हतं, म्हणून मी पाणी काढलं. पाटावर बसले. पाय लांब केले. तिला घेतलं. तिनं माझ्याकडे बघून हुंकार दिला, आणि मनातलं ते नेहमीसारखं येऊन गेलं नाही, येऊन बसलं.

मी तिला तशीच उचलली, दुपट्यात गुंडाळून कॉटवर ठेवली, भोवती उशा लावल्या. बाहेर आले, दाराला बाहेरून कडी घातली आणि पायरीवर बसले. ती आत रडत होती. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

मान वर केली तर रांगेच्या टोकाला मामा. मुकं मशीन पुढ्यात, दांड्यावर दोन्ही हात. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. ते बंद दाराकडे बघत होते, कडीकडे, माझ्याकडे. एक पाऊल पुढे आले. थांबले. आजूबाजूला बघितलं, जसं काही सगळ्या ओसाड खिडक्यांमधून बायका डोकावत होत्या. परत मागे झाले.

मग तिथूनच ओरडले, ‘वहिनी! एक काम करता काय माझं?’

मी मांड्यांखालचे हात आणखी दाबले.

‘कराडला जाऊन इंजिन बघता का?’

‘मी?’ इतक्या दिवसांत मोठ्यानं बोलले नव्हते, माझा आवाज मलाच घोगरा वाटला.

‘माझ्यानं एसटीची पायरी चढवत न्हाई. साहेबांना सांगितलं तर ते विजेवरचं आणतील. तुम्ही शिकलेल्या.’

‘मामा, बाळ आहे माझं लहान.’

‘तिला घेऊनच जायचं. घरात न्हाई ठेवायची.’ ते जरा दटावल्यासारखं म्हणाले. ‘माप काढून देतो. तुम्ही बाळीला कपडे चढवा, एसटी यायची वेळ झाली. म्या हितंच हाय.’

मला नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. कडी काढली. मामा हलले नाहीत. मी रुंजीला बाहेर घेऊन येईपर्यंत दाराकडे तोंड करून उभे होते. मग खाली बसून त्यांनी फुटक्या इंजिनाखाली सिमेंटच्या पिशवीचा कागद सरकवला आणि पेन्सिलीनं बुडाचा आकार काढला, बोल्टांची भोकं काढली.

‘आणि एवढं ध्यानात ठेवा. शाफ्ट, म्हंजी इंजिनातनं भायेर आलेला फिरता दांडा, आडवा पाहिजे. उभा देतील तर घेऊ नका.’

‘आडवा,’ मी म्हणाले.

‘काय?’

‘आडवा शाफ्ट.’

‘हां. वाटंनं म्हणत जावा.’

खरंच म्हणत गेले. घाट उतरताना, खिडकीच्या गजाशी डोकं टेकून, आडवा शाफ्ट, आडवा शाफ्ट. मनात दुसरं काही यायला जागा राहिली नाही.

कराडात फवारणीच्या पंपांची आणि मोटारींची दुकानं ओळीनं आहेत. पहिल्या दुकानदारानं विचारलं, ‘कशाला पाहिजे?’

‘गवत कापायच्या मशीनला.’

‘आत्ता? जानेवारीत?’ त्यानं शेजारच्याला हाक मारली. ‘ओ, ह्या ताईंकडं गवत उगवलंय बघा!’

पुढच्यानं उभ्या शाफ्टचं दाखवलं. मी म्हणाले, आडवा पाहिजे. तो म्हणाला, आडवं करून बसवा की. मी म्हणाले, मग तेल कुठून वाहील? हे मला कुठून सुचलं कोण जाणे, पण त्यानं ते इंजिन उचलून आत ठेवलं आणि मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

असं विचारत विचारत जमदाडे यांच्या दुकानाशी आले. गल्ल्यावर जमदाडेकाकू होत्या, मोठं कुंकू, तोंडात तंबाखू. आत त्यांचे यजमान पंप खोलून बसले होते. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

‘पोर द्या हिकडं.’

‘नको, राहू दे.’

‘अहो द्या. इंजिन काय एका हातानं बघणार?’ त्यांनी रुंजीला ओढूनच घेतलं. ‘हिचं तोंड कसं लख्ख पुसलंय. आणि तुमचं? आरशात बघता का न्हाई?’

मी कागद उलगडला.

जमदाड्यांनी कोपऱ्यातून एक इंजिन ओढून काढलं. फवारणी पंपाचं, पंप निकामी झालेला, इंजिन चांगलं. ते कागदावर ठेवलं. भोकं जुळेनात. मी वाकून बघत होते. ‘फिरवून ठेवा ना,’ मी म्हणाले. ‘पुढचं तोंड मागे.’

त्यांनी फिरवलं. बोल्टांची भोकं पेन्सिलीच्या गोलांवर अशी बसली की मी टाळी वाजवली. रुंजी काकूंच्या कडेवरून खदखदून हसली. तिला असं हसता येतं हे मला माहीतच नव्हतं.

‘फिरतं कुठल्या अंगानं तुमचं मशीन?’ जमदाड्यांनी विचारलं.

‘म्हणजे?’

‘डावीकडनं का उजवीकडनं?’

‘गोल फिरतं,’ मी म्हणाले.

काकू तोंडावर पदर धरून हसल्या. ‘अहो, गोलच फिरणार, चौकोनी कसं फिरंल! द्या ओ बांधून. बोल्ट बसतात न्हवं? पुढचं त्यांचं ते बघतील.’ मग रुंजीला परत देताना माझ्या कानाशी आल्या. ‘जेवून जा. मागच्या खोलीत भाकरी हाय. असं तोंड करून एसटीत बसू नका.’

मी त्यांच्या मागच्या खोलीत बसून पिठलं-भाकरी खाल्ली. काकू समोर बसून रुंजीच्या टाळूला तेल जिरवत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही, पण उठताना वाटलं, इथेच राहावं.

एसटीत इंजिन पोत्यात गुंडाळून पायाशी ठेवलं. कंडक्टर म्हणाला, ‘काय हो हे?’

‘आडव्या शाफ्टचं इंजिन.’

‘आई गं! आणि हे उभ्या शाफ्टचं का?’ त्यानं रुंजीकडे बोट दाखवलं. मला हसू आलं. मग वसाहतीची पाटी दिसायला लागली, तसतसं ते ओसरत गेलं.

स्टॉपवर मामा ढकलगाडी घेऊन उभे होते.

दुसऱ्या दिवशी शार्दूल कामावर गेल्यावर त्यांनी विश्रामगृहासमोर इंजिन बसवलं. मी रुंजीला घेऊन कट्ट्यावर बसले होते. बोल्ट आवळले, साखळी चढवली, पेट्रोल ओतलं. दोरी ओढली. खोकलं. परत ओढली. आणि ते सुरू झालं! जुन्यापेक्षा बारीक आवाज, पण न थांबता. मामांचा चेहरा असा उजळला की मला माझ्या बाबांची आठवण झाली.

‘चाललं!’

ते हिरवळीवर निघाले. तिथे थोडं तरी गवत होतं, विश्रामगृहाच्या टाकीचं पाणी झिरपायचं म्हणून. एक पट्टा गेले, वळून आले. मी त्या पट्ट्याकडे बघितलं. गवत नुसतं आडवं झालं होतं, आणि बघता बघता पुन्हा मान वर करत होतं. एक पातं तुटलं नव्हतं.

मी खाली उतरून जवळून बघितलं. रोल उलटा फिरत होता. पात्यांची धार गवताकडे यायच्या ऐवजी गवतापासून पळत होती. नुसता कचरा नि माती उडवत होती. भोकं जुळावीत म्हणून मी इंजिन फिरवून घेतलं होतं. डावीकडनं का उजवीकडनं, ते जमदाड्यांनी ह्यासाठी विचारलं होतं.

‘मामा, थांबा! थांबा!’ मी ओरडले. ‘उलटं फिरतंय. काहीच कापत नाहीये. माझं चुकलं, मी उद्या जाऊन बदलून आणते.’

त्यांनी वाकून बघितलं. ‘व्हय की. उलटं हाय.’

‘मी बदलून आणते.’

‘नगं. ऱ्हाऊ द्या.’

‘अहो, पण कापत नाहीये!’

‘धुरळा तर उडतोय,’ मामा म्हणाले, आणि मशीन घेऊन हिरवळ सोडून सरळ निघाले. रांगेच्या कडेनं, ओसाड घरांवरून, माझ्या खिडकीखालच्या लाल मातीत. तिथे नेऊन घुटमळले. मातीचा लोट उठला.

मी रुंजीला कडेवर घेऊन धावत त्यांच्यामागे गेले. ‘मामा, इथे गवत नाहीये! कधीपासून नाहीये. तुम्ही काय कापता इथे?’

त्यांनी इंजिन बंद केलं. एकाएकी सगळं शांत. ते दांड्याकडे बघत बोलायला लागले, माझ्याकडे नाही.

‘गवत कशाला कापतोय. साहेब कामावर गेल्यावर तुमच्या दाराची कडी कशी वाजवू? एकटी बाई घरात, म्या एकटा गडी. चार घरं असती वसाहतीत तर बाया आल्या असत्या. एक बाई न्हाई रांगेत. मग काय सांगून येऊ? मशीन घेऊन आलं तर कोण काय म्हणत न्हाई. धुरळा उडतोय म्हटलं की तुम्ही खिडकीला येणार. तोंड दिसतं. पोरीचा आवाज येतो. तेवढं बघितलं की म्या जातो.’

‘का?’ मी विचारलं. कळत होतं, तरी विचारलं.

‘माझ्या बायकूनं, हौसानं, पोराला न्हाऊ घालायचं सोडलं होतं.’ त्यांनी मुठीवरचं तेल बोटानं पुसलं. ‘तवा हितं समदी घरं भरलेली. मी हितंच, विश्रामगृहावर. साहेबांच्या मागं पळायचो. एक दिवस पोराला झोपवून कालव्यावर गेली धुणं घेऊन. धुणं सगळं धुतलेलं होतं. पिळून, घड्या करून काठावर ठेवलेलं. लोक म्हणाले, पाय घसरला.’

रुंजी माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राशी खेळत होती.

‘दिसत होतं वो सगळ्यांना,’ मामा म्हणाले. ‘शेजारणीला दिसत होतं, नळावरच्या बायांना दिसत होतं. नंतर सांगितलं मला एकेकीनं. पण आत जायला कुणाला निमित्त घावलं न्हाई.’

मी मातीत बसले. आणि बोलले. हात, तांब्या, पाटावर बसल्यावर मनात येतं ते सगळं, एका परक्या म्हाताऱ्या माणसाला, जे आईला सांगितलं नव्हतं. ते दचकले नाहीत. ‘असं मनात येतं तवा तुला त्याची भीती वाटती, व्हय ना पोरी?’ एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं. ‘मंग तू वाईट न्हाईस. तू दमलीयास. औषध असंल त्याला. साहेबांना आज सांगायचं. सांगशील?’

‘हो.’

‘न्हाई सांगितलं तर म्या सांगंन. आत्ता पाणी तापव.’

ते आत आले नाहीत. आमच्या पायरीवर, दाराकडे पाठ करून बसले, आणि दार मी सताड उघडं ठेवलं. मोरीत पाट मांडला. पाय लांब केले. बाहेरून मामा आपल्या मुलाची, साहेबांची, एकदा विश्रामगृहात शिरलेल्या अस्वलाची गोष्ट मोठमोठ्यानं सांगत होते आणि मध्येच थांबून विचारत होते, ‘ऐकतेस न्हवं?’ मी म्हणायची, ‘हो मामा.’ तांब्या भरायची, ओतायची. रुंजीनं डोळे मिटून पाणी अंगावर घेतलं. हात माझेच होते.

संध्याकाळी शार्दूलला सांगितलं. तो रजेचा अर्ज खरडायला बसला आणि अर्ज अर्धाच ठेवून माझ्याजवळ येऊन बसला. कराडच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. गुडघ्याला पट्टा बांधून आई आली. बरं व्हायला वेळ लागला. त्या सगळ्या काळात ते उलटं फिरणारं मशीन रोज सकाळी एकही काडी न कापता आमच्या खिडकीखाली येत राहिलं.

रुंजी आता तिसरीत आहे. आम्ही कोल्हापूरला असतो, आणि मामांना त्यांच्या मुलानं पनवेलला नेलं.

कुंभेरीला आमच्याच घरात आता नवे इंजिनिअर आलेत. त्यांची बायको, स्नेहांकिता, दिवाळीत बाळंत झाली. मी तिला जाऊन भेटून आले, रोज फोन करते. ‘मी बरी आहे ताई,’ म्हणते. फार लवकर म्हणते, मी विचारायच्या आधीच. पुन्हा जाणार आहे ह्या रविवारी. पण रविवारला अवकाश आहे, आणि धरण बघायला त्या रस्त्यानं रोज कुणी ना कुणी जातंच. तुम्ही जाणार असाल तर विश्रामगृहाच्या अलीकडे गाडी थांबवा. रांगेत एकाच घराच्या दोरीवर दुपटी वाळत असतील. बरोबर बाई असेल तर तिला पुढे करा, नसेल तर अंगणातूनच हाक मारा. म्हणा, प्यायला पाणी मिळेल का. ‘हो’ असा आतून नुसता आवाज आला तर निघू नका. तांब्या घेऊन ती स्वतः बाहेर येईपर्यंत थांबा, आणि पाणी सावकाश प्या.